वकिलांच्या सुसरीतून धर्मापुरीला

नगर सोडले तेव्हा माघातली थंडी अजून बोटांना झोंबत होती. सर्व्हिस मोटारीच्या टपावर माझी रंगांची पेटी आणि कागदांची वळकटी बांधलेली, मांडीवर घरून दिलेल्या दशम्या. मी शाळेत चित्रकला शिकवतो. बीडला माझा जुना मित्र किसनराव वकिली करतो. पुण्यात आम्ही एका खोलीत राहून शिकलो. धर्मापुरीचे जुने देऊळ तुला दाखवतो, चार दिवस सुट्टी काढ, असे त्याने कळवले होते. त्याने शर्यतीची मोटार घेतल्याचे आमच्या कानावर आले होते, आणि वकिली चांगली चाललेली दिसते, असे आम्ही नगरात बसून म्हणतही होतो.

निजामाची हद्द लागली तेथे करोडगिरीचा (जकातीचा) नाका होता. नाकेदाराने माझी वळकटी सोडली, एकेक कागद उजेडात धरला, आणि त्यावर काहीच नाही हे पाहून तो अधिकच विचारात पडला. “ये कोरे कागदां कायकू (कशाला) लेके जारे?” त्याने विचारले. मी देवळाचे चित्र काढणार असल्याचे सांगितले. मग जाताना भरलेले कागद दाखवून जा, म्हणाला, आणि हसून सोडले.

बीडला पोचलो तेव्हा उन्हे उतरली होती. बिंदुसरेच्या पात्रात धुणी वाळत होती आणि म्हशी घरी परतत होत्या. किसनरावाचे घर विचारले तर एक जण म्हणाला, “सुसर हाय त्या दारात जावा.” दारात खरोखरच सुसर पडली होती. हिरव्या रंगाची, लांब नाकाची, जमिनीला पोट टेकल्यासारखी मोटार. पुढे नुसते नाकच नाक, त्यामागे दोन माणसांपुरती जागा, एका बाजूला बेताचे दार. आणि त्या लांब नाकावर फडके अंथरून सांडगे वाळत घातलेले. बसायच्या जागेवर मेथीच्या जुड्या होत्या. घोड्याला पाठीवर पाटा-वरवंटा लादून उभे केलेले पाहावे तसे मला वाटले.

किसनराव बाहेर आला, गळ्यात पडला. पण मी त्याच्या खांद्यावरून आत पाहत होतो, कारण दारात गोदावहिनी उभ्या होत्या, आणि त्यांच्या दोन्ही काखांत काठ्या होत्या.

मला यातले काहीच ठाऊक नव्हते. चार वर्षांपूर्वी माहेराहून येताना त्यांच्या छकड्याचा बैल बुजला. वहिनी खाली पडल्या आणि चाक मांडीवरून गेले. हाड सांधले, पण वाकडे. काठ्यांवर त्या घरात फिरत, स्वयंपाक करत. मात्र पायरी चढणे, उंचावर बसणे त्यांना जमत नव्हते. बैलगाडीचा एक धक्का बसला तरी डोळ्यांपुढे अंधारी येई. हे सारे त्यांनी मला भाकरी थापता थापता सांगितले, दुसऱ्या कुणाचे सांगावे तसे.

मोटारीचे मला दुसऱ्या दिवशी कळले. सकाळी किसनराव कचेरीला निघाला, तेव्हा त्याने सुसर घराच्या ओट्याला लावली. तो ओटा त्याने मुद्दाम बांधून घेतला होता, गादीच्या उंचीचा, जेमतेम हातभर. वहिनी ओट्यावर बसल्या आणि नुसत्या सरकून मोटारीत गेल्या. पाय लांब करून, पाठ टेकून बसल्या. जमिनीवर बसावे तितकेच खाली. मी मागे बसलो. मागे म्हणजे पेट्रोलच्या डब्यांवर एक फळी आणि तिच्यावर उशी. तिथे बसायचे ते पाठमोरे. मोटार जाते पुढे आणि आपण पाहतो मागे.

कचेरीपर्यंत गेलो. किसनराव आत गेला की शिपाई मोटारीजवळ सावलीला येऊन उभा राही आणि वहिनींना गावाच्या बातम्या सांगे. तो काम उरकून आला की बाजार. भाजीवाल्या टोपल्या घेऊन मोटारीशी येत, वहिनी बसल्या जागी वांगी दाबून पाहत. मग गिरणीवर पायली-दोन पायली ज्वारी. कपाळावर गंध लावलेला एक म्हातारा वाटेत भेटला आणि वहिनींनी त्याला पिठाच्या डब्यासकट माझ्याशेजारी बसवून त्याच्या दारात सोडले. हैदराबादेच्या कुणा तरुण जहागीरदाराने शर्यतीसाठी घेतलेली ही मोटार. ती बीडच्या गल्ल्यांतून पीठ वाहत होती.

“रोज असंच फिरता?” मी विचारले.

“रोज,” वहिनी म्हणाल्या. “पहिल्यांदा कचेरीपर्यंतच बसवायचं. मग नदीपर्यंत. दिवाळी झाल्यावर मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत जाऊन आलो. सवय करायलोय भाऊजी. धर्मापुरी लई लांब हाय.”

धर्मापुरी हे त्यांचे माहेर. मोडलेल्या पायाची गोष्ट त्यांच्या आईपासून लपवली होती. त्या वेळी आईची प्रकृती बरी नव्हती, धक्का सोसणार नाही असे किसनरावाला वाटले. वहिनींचा भाऊ नामदेव बीडला येऊन बहिणीला पाहून गेला आणि घरी जाऊन ती बरी आहे म्हणाला. पंचमीला लेक आली नाही, दिवाळीला आली नाही. दर वेळी एक नवे कारण गेले. पुढे वडील वारले, तरी लेक आली नाही. तेव्हापासून म्हातारीने विचारणेच सोडले. आणि गेल्या पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला तिने गावातल्या एका सवाष्णीला बोलावून जेवू घातले, लुगडे दिले. अहेवपणी गेलेल्या बाईसाठी हे करतात, आणि तेही सासरच्यांनी करायचे. नामदेवाने विचारले, माय, हे कुणाच्या नावानं? ती नुसती ताटे उचलत राहिली.

नामदेव दुसऱ्या दिवशी बीडला आला आणि त्याने हे सांगितले. बहीण सुखरूप आहे म्हणून तो त्यापूर्वी कितीदा सांगून चुकला होता. आता आईचा कुणाच्याच शब्दावर विश्वास उरला नव्हता. वहिनींनी त्याच रात्री नवऱ्याला सांगितले की काहीही करून मला तिच्यापुढे नेऊन बसवा. पण नेणार कशातून? छकडा शक्य नव्हता. सर्व्हिस मोटारीच्या पायऱ्या कमरेएवढ्या उंच, आणि ती धर्मापुरीला जातही नव्हती. किसनराव एका दाव्यासाठी औरंगाबादेला गेला असता त्याला त्या जहागीरदाराच्या तिथल्या हवेलीपुढे ही मोटार दिसली. जहागीरदाराचे मन तिच्यावरून उडाले होते. तिच्यात एक माणूस बसत होता, आणि किसनराव सांगतो, ‘मी मोटार पाहिलीच नाही रे. तो मनुष्य किती खाली बसला, तेवढंच पाहिलं.’

माझे देऊळ हे निमित्त होते, हे आता मला उमगले. त्याला वाटेत मोटार ढकलायला एक विश्वासाचा माणूस हवा होता. मला त्याचे वाईट वाटले नाही.

उजाडता उजाडता निघालो. वहिनींनी डोक्याला शाल गुंडाळली, कमरेमागे आणि मांडीखाली उशा दडपल्या. मांजरसुंब्याचा घाट सुसर गुरगुरत चढली. वर आल्यावर बालाघाटची उघडी माळराने, सीताफळीची झुडपे आणि मागे खोल राहिलेले बीड मला दिसत होते. पुढचे काही दिसत नव्हते. झाड माझ्या बाजूने जाई आणि मग लहान होत होत धुळीत बुडे. सारा जिल्हा मी असा निरोप घेतल्यासारखा पाहिला. धूळही सगळी माझ्याच वाट्याला.

पहिला थांबा चौसाळ्याला घेतला. वाट थोडी वाकडी होती. पण तिथे किसनरावाच्या एका अशिलाचे घर होते आणि त्याच्या दारचा ओटा मोटारीला बरोबर लागत असे. वहिनी तिथे सरकून आडव्या झाल्या. ओठ पांढरे पडले होते. घरच्या बाईने काही विचारले नाही, गरम पाण्यात फडके पिळून त्यांच्या मांडीवर ठेवले. आम्हांला शेतावर हुरडा खायला घातला. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजून, हातावर चोळून, सोबत लसणीची चटणी. कोवळ्या दाण्यांचे दिवस सरत आले होते, तरी तसा गोड हुरडा मी नगरकडे खाल्ला नाही.

किसनराव तिथे डगमगला. इथूनच परत फिरू, पुढच्या महिन्यात येऊ, असे तो वहिनींना हळू आवाजात म्हणाला. त्या उठून बसल्या आणि शाल गुंडाळू लागल्या.

केज ओलांडून आंबेजोगाईला आलो. सरकारी कागदांत त्याला मोमिनाबाद म्हणतात. छावणीचे स्वार घोडे पाण्यावर नेत होते. त्यांनी घोडे थांबवून सुसर पाहिली. एका घोडेस्वाराने सलाम केला तो मोटारीला की वहिनींना, कळले नाही. येथवर सडक बरी होती. पुढे मात्र नुसती गाडीवाट. काळ्या रानात बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधे वाळून दगड झालेला उंचवटा. दुतर्फा करडईची पिवळी-केशरी फुले आणि कापणीला आलेली ज्वारी. उंच मोटारीला ती वाट चालली असती. सुसरीचे पोट जमिनीला, तेव्हा किसनराव एक चाक उंचवट्यावर आणि एक बांधावर ठेवून तिरकी तिरकी नेत होता. एका वळणावर समोरून मेंढरे आली. सुसरीने भोंगा न वाजवताच नुसता आवाज केला आणि कळप चौफेर उधळला. किसनरावाने त्यांना वाचवायला चाक वळवले, सुसर चाकोरीत उतरली आणि तिचे पोट उंचवट्यावर बसले. चाके जागच्या जागी फिरू लागली.

मेंढरांमागून दोन धनगर आणि एक पोक्त बाई आली. थोरला धनगर संतापला होता. त्याची एक गाभण मेंढी ज्वारीत शिरून दिसेनाशी झाली होती. तो किसनरावाला काय काय बोलला; किसनराव ऐकून घेत होता. आम्ही मोटार ढकलायला या म्हणालो तर त्याने पाठ फिरवली. त्याचेही खरेच होते. मग मी आणि किसनराव ज्वारीत शिरलो. ताटांनी तोंड ओरबाडून घेतले, दोनदा भलत्याच मेंढीमागे धावलो. शेवटी ती गाभण मेंढी एका बोरीखाली शांत उभी असलेली सापडली. मी तिला पोटाशी धरून वाटेवर आणले, तेव्हा धनगरीण मोटारीशी वाकून वहिनींशी बोलत होती.

“ही माणसं रानात पळायलीत अन् तुमी कावून (का) बसून?” ती विचारत होती.

“मला उतरता येत न्हाई, बाई. पाय मोडलाय.”

“मग चाललाव कुठं अशा?”

“मायकडं. तिला वाटायलंय मी मेले.”

धनगरीण ताठ झाली. तिने थोरल्याला हाक मारली आणि दोन वाक्यांत काय ते सांगितले. तो मोटारीकडे आला. वहिनींना उचलून बाजूला बसवू का, असे किसनराव विचारत होता; धनगर म्हणाला, बसू द्या बाईंना तिथंच. त्यांनी मेंढरांच्या वाघुरीचे (जाळीच्या कुंपणाचे) खुंट चाकांखालून घातले. आम्ही चौघे आणि ती बाई, पाचांनी खांदे लावले आणि वहिनींसकट सुसर उचलून बांधावर ठेवली. ती दिसते तितकी जड नव्हती. वहिनींनी कठड्याला घट्ट धरले होते आणि डोळे मिटले होते. थोरला धनगर मग मोटारीपुढे चालत राहिला, वाट सपाट होईपर्यंत, आणि हाताने उजवे-डावे दाखवत गेला.

धर्मापुरीत शिरलो तेव्हा दुपार कलली होती. सगळे गाव मागे. गल्ली इतकी अरुंद की दोन्हीकडच्या भिंतींना हात लागत होते. नामदेव पुढे धावत आला. त्याच्या घरापुढे गल्ली जरा रुंदावली होती. घराला चार उंच दगडी पायऱ्या, आणि वरच्या पायरीवर त्याची आई उभी होती. उंच, काटक बाई. पांढरे कपाळ, डोक्यावर पदर. आम्ही येणार असल्याचे तिला सांगितले होते. तिने मान हलवली होती म्हणे, पण कुणासाठी रांधले नव्हते.

मी फळीवरून उतरलो. किसनरावाने यंत्र बंद केले आणि एकाएकी शांत झाले. वहिनींच्या चेहऱ्यावर धुळीचा पांढरा थर बसला होता. भुवया, पापण्या, सगळे पांढरे. त्यांनी शाल सोडली. म्हातारी तशीच पाहत राहिली, पायरी उतरेना.

“माय,” वहिनी म्हणाल्या, “मला वर येता येत न्हाई. तू ये.”

ती खाली आली. मोटारीला हात न लावता तिच्याभोवती एक फेरी घातली आणि वहिनींच्या बाजूला थांबली. तिची नजर चेहऱ्याकडे नव्हती. ती पाय शोधत होती. भुताचे पाय उलटे असतात, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असते. सुसरीत बसलेल्या माणसाचे पाय लांब नाकाच्या पोटात गेलेले असतात, बाहेरून दिसत नाहीत. म्हातारी गुडघ्यावर बसली. तिने हात आत घातला, खांद्यापर्यंत घातला, आणि चाचपत राहिली. मग तिचा हात थांबला. जोडवी हाताला लागली असावीत.

“पाय लई गार पडलेत गं,” ती म्हणाली.

वहिनींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यापुढचे मी पाहिले नाही. किसनराव भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याच्याजवळ मी गेलो.

थोड्या वेळाने पाहतो तो म्हातारी दुसऱ्या बाजूने आत शिरून किसनरावाच्या जागेवर, चाकापुढे बसली होती. लेकीचा मोडका पाय तिने आपल्या मांडीवर ओढून घेतला होता आणि ती तळवा चोळत होती. तिथून ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. नामदेवाच्या बायकोने दोघींना तिथेच धपाटे (ज्वारीच्या तिखट पोळ्या) आणि दही नेऊन दिले. अंधार पडू लागला तेव्हा वहिनींना खुर्चीवर बसवून चौघांनी पायऱ्यांवरून आत नेले.

रात्री जेवताना येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाची) होती. म्हातारी वाढत होती. किसनरावाच्या पानात आमटी घालता घालता ती थांबली.

“जावईबापू, एक विचारू?”

“विचारा.”

“पाय मोडला एवढंच सांगितलं असतं मला, तर मी चालत आले असते की.”

किसनराव कचेरीत तासन्‌तास उर्दूतून युक्तिवाद करणारा माणूस. तो “चुकलं आमचं,” एवढेच म्हणाला. तिने आमटी वाढली, वर तूप सोडले आणि पुढच्या पानाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मी देवळाकडे गेलो. माळावर जुने दगडी देऊळ, बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींच्या मूर्ती. एक आरशात पाहते आहे, एक पायातला काटा काढते आहे. काटा काढणारीचे चित्र काढताना दुपार झाली. वहिनींना देऊळ लहानपणापासून पाठ. संध्याकाळी त्यांनी माझे चित्र पाहून तिच्या कोपराचा टवका उडालेला मी विसरलो असल्याचे सांगितले. मी तो काढला.

परतायची वेळ आली तेव्हा म्हातारी गाठोडे बांधून मोटारीशी येऊन उभी राहिली. मी येते, म्हणाली. नामदेवाने बैलगाडीने सोडतो म्हणून पाहिले. ती ऐकेना, फळीवर जाऊन बसली आणि गाठोडे मांडीवर घेतले. माझी जागा गेली, याचा मला आनंदच झाला. मला अजून दोन मूर्तींची चित्रे काढायची होती. ती संपवून मी नामदेवाच्या बैलगाडीने आंबेजोगाई गाठली आणि तिथून सर्व्हिस मोटारीने बीड.

बीडला एक रात्र काढली. संध्याकाळी तिघे बिंदुसरेकडे फिरायला निघाले होते, मलाही चला म्हणाले. वहिनी मोटारीत बसल्या, किसनराव चाकापुढे. म्हातारी मात्र मागे बसेना. तिथं बसलं की पोरीचं तोंड दिसत न्हाई, म्हणाली. ती वहिनींच्या बाजूने, मोटारीच्या कडेवर हात ठेवून चालू लागली, आणि किसनरावाने सुसर तिच्या चालीने सोडली. यंत्र कुरकुरत होते, मधूनच आचके देत होते. पण तो एक पाय दाबून, दुसरा सोडून, ते कसेबसे सांभाळत होता. मायलेकी बोलत होत्या. कुणाच्या लग्नाचे, कुठल्याशा गाईच्या आटलेल्या दुधाचे. मी मागून येत होतो. कडब्याने भरलेली एक बैलगाडी आमच्यामागे आली, थोडा वेळ थांबली, मग बाजूने काढून पुढे निघून गेली. गाडीवानाने वळून पाहिले नाही. बीडच्या लोकांना हे आता रोजचे झाले असावे.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर नाकेदाराला भरलेले कागद दाखवले. त्याला आरशातली बाई आवडली. नगरला आलो तर शाळेत सगळ्यांना देवळापेक्षा मोटारीचे कुतूहल. शर्यतीची गाडी म्हणजे पळते तरी किती, असे त्यांनी विचारले. मी आठवून पाहिले, आणि जे शेवटचे पाहिले होते ते सांगितले: एका कडब्याच्या गाडीने तिला मागे टाकले.

ते हसले. मला त्यांना समजावून सांगावेसे वाटले, पण घंटा झाली आणि मी वर्गावर गेलो.